चिरा, मुद्गल आणि वही

गेल्या वर्षी आषाढातल्या एका सकाळी आमची आई न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडले नाही, हे दैव. परंतु फरशीवरून तिला स्वतःहून उठता येईना आणि आम्हांला तिला उठवता येईना. आईचे वजन ४६ किलो, आमचे ७४. अंकगणिताने पाहिले तर प्रश्न सुटलेलाच होता. प्रत्यक्षात तिच्या दोन्ही काखांत हात घालून आम्ही ओढ घेतली, कमरेत सणक भरली आणि आम्हीच भिंतीचा आधार घेऊन खाली बसलो. शेवटी शेजारच्या गवंड्याला हाक मारली. तो हातातला चहा ठेवून आला, तिच्यासमोर गुडघे वाकवून बसला, "काकू, माझ्या मानेला घट्ट धरा," एवढेच म्हणाला आणि पाठ ताठ ठेवून सरळ उभा राहिला. तो आमच्याहून तीन वर्षांनी मोठा आणि वजनाने निदान पंधरा किलोंनी हलका आहे. संध्याकाळी आई, कुणालाच उद्देशून नसल्यासारखे, म्हणाली, "मी काही इतकी जड नाही."

या वाक्याने आमच्या दोन रात्री खाल्ल्या. वाक्यांचे अर्थ लावणे हा आमचा उभ्या जन्माचा उद्योग. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांच्या तीन चाळण्यांतून आम्ही बरेच काही चाळलेले आहे. पण या वाक्यात चाळण्यासारखे काही नव्हते. वाच्यार्थच पुरेसा होता. ती जड नव्हती. आम्ही दुबळे होतो. वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत आम्ही उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा, आणि तोही दोघांनी मिळून.

आमच्या घरात ही परिस्थिती पूर्वापार होती असे मात्र नाही. वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू) शिक्षणासाठी कोल्हापुरास राहिले होते आणि तिथल्या एका तालमीची तांबडी माती त्यांच्या अंगाला लागली ती कायमची. रत्नागिरीस परतताना त्यांनी लाकडी मुद्गलांची एक जोडी आणली. पहाटे खळ्यात उभे राहून शंभर दंड, दोनशे बैठका आणि मग मुद्गल फिरवणे हा त्यांचा नेम. पावसाळ्यात खळ्याऐवजी पडवी, एवढाच फरक. शंभराचे एकशेएक नाहीत आणि नव्याण्णवही नाहीत. अण्णा गेल्यावर ती जोडी पडवीच्या कोपऱ्यात उभी राहिली. त्या दोन रात्रींनंतर आम्ही ती ताणकाट्याला लावून पाहिली. एकेक मुद्गल सहा किलोंचा भरला. डोक्यामागून फिरवायला गेलो आणि तिसऱ्याच फेऱ्याला खांदा कुरकुरला.

रत्नागिरीकराला अशा वेळी टिळकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८५६ साली ते या गावात जन्मले. जन्मस्थानाचे घर टिळक आळीत आजही पाहता येते. पुढे डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून व्यायाम, पोहणे आणि सकस आहार यांत घालवले व प्रकृती सुधारून घेतली, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी आम्हांला ती बाणेदारपणाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. आता ती निराळ्या कारणासाठी आठवली. एक वर्ष, एकच उद्देश आणि मोजता येईल असा फरक. आम्ही ठरवले की आपणही एक वर्ष द्यावे.

मारुती मंदिराच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर, एका दुकानाच्या माडीवर, व्यायामशाळा आहे. तिथला प्रशिक्षक वयाने आमच्या मुलाएवढा. त्याने आमची उंची, वजन, रक्तदाब आणि पूर्वीची दुखणी विचारून घेतली आणि मग म्हणाला, "काका, एक वही आणा. शंभर पानी." आम्हांला वाटले, वर्गणीच्या पावत्या चिकटवण्यासाठी असेल. वहीचे खरे प्रयोजन कळायला आम्हांला पंधरवडा आणि एक दुखापत लागली. तिची हकीकत पुढे येईलच.

आधी परिभाषेचे पाहू. तिथली भाषा 'सेट' आणि 'रेप्स' यांची. एखादी हालचाल एकदा पूर्ण करणे म्हणजे रेप. अशा सलग हालचालींचा एक घोस म्हणजे सेट. आमची खोड अशी की परका शब्द जिभेवर आला की त्याला घरचे नाव शोधल्याशिवाय झोप येत नाही. सेटला 'फेरी' हा शब्द सहज बसला. रेपला आम्ही 'आवर्तन' म्हणू लागलो. तबलजीचे आवर्तन समेवर येऊन पुरे होते तसे हेही निघाल्या जागी परत आल्यावाचून पुरे होत नाही; वजन वर नेणे हे अर्धेच काम, ते आवरून खाली आणणे हा उरलेला अर्धा भाग. मग व्यायामांचेही बारसे झाले: बैठक, रेट, ओढ आणि उचल. यातली उचल पगारावरची नव्हे, जमिनीवरची. प्रशिक्षकाने ही नावे ऐकून घेतली आणि तो सेट-रेप्सच म्हणत राहिला. असो.

'दहा-दहाच्या तीन फेऱ्या' हे सूत्र आज जगातल्या कुठल्याही व्यायामशाळेत ऐकू येते. त्याचा उगम आखाड्यात नसून इस्पितळात आहे. थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकी डॉक्टरापुढे दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक होते. मोडलेले पाय जुळत, पण मांड्या वाळून जात. हलक्या व्यायामाने महिने लोटले तरी त्या भरून येत नसत. डीलॉर्मने स्वतः लहानपणी संधिज्वरातून उठल्यावर वजने उचलून प्रकृती सुधारली होती. तोच उपाय त्याने रुग्णांना लावला आणि १९४५ साली तो प्रसिद्ध केला. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, अकराव्यांदा येत नाही, ते त्या माणसाचे माप धरायचे आणि दर आठवड्याला ते माप पुन्हा घ्यायचे. प्रारंभी तो सात किंवा अधिक फेऱ्या करवून घेई. पुढे १९४८ मध्ये त्याने आणि वॉटकिन्सने तीनच फेऱ्या पुरतात असे मांडले: पहिली मापाच्या निम्म्या वजनाने, दुसरी पाऊण वजनाने आणि तिसरी पूर्ण मापाने. माप २० किलो असेल तर १०, १५ आणि २०. आम्हांला यातला विनय भावला. दुसऱ्याला किती उचलता येते याचा हिशेबात कुठेही संबंध नाही. ज्याचे त्याचे माप, आणि तेही आजचे.

हे सारे आम्ही वाचले ते दुखापतीनंतर. बैठकीसाठी आम्हांला १० किलोंचा डंबेल छातीशी धरायला दिला होता. आठवड्याभरात तो हलका वाटू लागला. शेजारी महाविद्यालयातला एक मुलगा ३० किलो धरून बसत-उठत होता. आम्ही वहीत काही न लिहिता एकदम २० उचलले. पाच आवर्तने झाली, सहाव्याला कंबर गेली आणि आठ दिवस अंथरूण धरावे लागले. आईने शेक दिला. जिला उचलण्यासाठी हा खटाटोप आरंभला तिच्याच हातून शेक घेताना माणसाला वजनाचे बरेच काही कळते.

परत गेल्यावर प्रशिक्षकाने रागावण्याऐवजी हिशेब मांडला. १० वरून १२.५ किलोंवर जाणे म्हणजे अडीचच किलो, पण प्रमाणाने पंचवीस टक्के. ८० किलो उचलणाऱ्याला अडीच किलो ही चिमूट. नवख्याला ती उडी. म्हणून नवख्याने आधी आवर्तने वाढवावीत आणि मग वजन. दहाच किलोंवर ८-८-८ ने सुरुवात करायची. पुढच्या खेपेस ९-९-८ होतील, मग १०-९-९. तिन्ही फेऱ्यांत पंधरा-पंधरा झाली की १२.५ घ्यायचे आणि पुन्हा आठ-नऊवर यायचे. दोन पायऱ्या वर, एक खाली, अशी ही चढण. ती स्मरणशक्तीच्या भरवशावर चढता येत नाही, म्हणून वही. शरीर कालचे विसरत नाही. डोके मात्र कालचे हवे तसे बदलून ठेवते.

आता स्नायू वाढतो तो का, हे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. स्नायूतले सगळे तंतू एकाच वेळी कामाला लागत नाहीत. एल्वुड हेनेमन या शास्त्रज्ञाने १९५७ पासूनच्या आपल्या कामात दाखवले की मज्जातंतूंकडून आधी लहान, चिवट आणि लवकर न थकणाऱ्या गटांना हाक जाते; भार वाढला की मगच मोठ्या आणि दणकट गटांना. वाढण्याची क्षमता या दुसऱ्या मंडळींत अधिक. पण काम सोपे असेल तर त्यांना कुणी उठवतच नाही. त्यांना उठवण्याचे मार्ग दोन. वजन जड घ्यावे, म्हणजे ती पहिल्या आवर्तनापासून येतात. किंवा वजन हलके घेऊन इतकी आवर्तने करावीत की लहान मंडळी थकतील आणि मोठ्यांना यावेच लागेल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली हेच तपासले. कमाल ताकदीच्या केवळ ३० टक्के भाराने दम संपेपर्यंत केलेल्या फेऱ्यांनी मांडीचा स्नायू जवळपास तेवढाच वाढला, जेवढा ८० टक्के भाराने वाढला. ताकद मात्र जड भाराने अधिक आली. तात्पर्य, आकडा पाचचा की तिसाचा हे दुय्यम. शेवटची दोन-तीन आवर्तने अवघड गेली की नाही हे मुख्य. आणखी एखाद-दुसरे जमले असते अशा ठिकाणी थांबावे. दर फेरीला पुरते गळून पडण्याची गरज नाही, आणि वय पन्नाशीपुढचे असेल तर ते शहाणपणाचेही नाही.

फेऱ्यांचे गणित आठवड्यावर करायचे. २०१७ साली आधीच्या अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एका स्नायूला आठवड्यात पाचांहून कमी फेऱ्या दिल्या तरी तो वाढतो, पाच ते नऊ दिल्या तर अधिक, आणि दहा किंवा त्याहून जास्त दिल्या तर आणखी. त्या एकाच दिवशी उरकण्यापेक्षा दोन-तीन दिवसांत वाटाव्यात, कारण थकलेल्या स्नायूला दिलेली आठवी-नववी फेरी ही बहुधा नुसती हजेरी असते. आम्ही सोमवार, बुधवार आणि शनिवार धरले. प्रत्येक दिवशी चारही व्यायाम, प्रत्येकी तीन फेऱ्या. आठवड्याला नऊ झाल्या. दोन फेऱ्यांमध्ये दोन ते तीन मिनिटांची विश्रांती, घड्याळ लावून. ही विश्रांती आम्हांला प्रथम आळसासारखी वाटे. वस्तुतः दम परत आल्याशिवाय पुढली फेरी घेतली तर छाती आधी थकते आणि स्नायू अर्धपोटी राहतो.

एवढे ज्ञान झाल्यावर आम्ही ते शेजाऱ्यापुढे मांडले. त्याने हातावर तंबाखू मळत सगळे ऐकून घेतले. जांभ्याचा एक चिरा तीसेक किलोंचा. असे चिरे तो वयाच्या अठराव्या वर्षापासून उचलतो आहे. आमच्या सिद्धान्ताप्रमाणे तो आतापर्यंत पहाड व्हायला हवा होता. मग तो काटक आणि किडकिडीत का? उत्तर त्यानेच दिले. "पहिली दोन वर्षं अंग भरलं माझं. मग थांबलं. चिरा काय दरवर्षी जड होतो?" आमच्या शंभर पानी वहीचा सारा अर्थ या प्रश्नात होता. भार तोच राहिला की शरीर त्याच्याशी तह करते आणि स्वस्थ बसते. त्यातून गवंडीकामात विश्रांतीचे दिवस मालकाच्या मर्जीचे आणि जेवण मिळेल तसे. वाढायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी दुसऱ्यांच्या हातात. आम्ही आठवड्यातून तीन तास, पंख्याखाली, पैसे मोजून जे वजन उचलतो त्याहून कितीतरी जास्त तो रोज पोटासाठी उचलतो, आणि आज त्याचे गुडघे बोलतात. ही विषमता कुठल्याही वहीत बसत नाही. पण ती नजरेआड करून या विषयावर लिहिणे आम्हांला बरे वाटेना. जाताना तो आणखी एक वाक्य बोलून गेला, "चिरा हातानं नाय उचलायचा, पायानं उचलायचा." प्रशिक्षक आम्हांला महिनाभर नेमके हेच सांगत होता.

मग अण्णांचे काय? शंभर दंड आणि दोनशे बैठका ज्याला रोज सहज जमतात त्याच्या मोठ्या तंतूंना कुणी हाक मारत नाही; सहा किलोंचा मुद्गल चाळीस वर्षे सहा किलोंचाच राहिला. वाढीच्या दृष्टीने त्यांचा व्यायाम फार पूर्वी थांबला होता. नव्या ज्ञानाच्या तोऱ्यात आम्ही हे आईला ऐकवले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सत्तरीत त्यांनी मला जिना चढवून वर नेली होती, पाय मुरगळला होता तेव्हा. एका दमात." आम्ही गप्प झालो. आमच्या मांडणीत एक शब्द राहून गेला होता, तो तिने भरला. अण्णांचा नेम वाढीसाठी नव्हताच, राखणीसाठी होता. कमावलेले राखायला कमावण्याहून पुष्कळ कमी पुरते. पण नेमाने, न चुकता. माणूस वयाच्या तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू गमावू लागतो आणि साठीनंतर ती गळती वाढते. त्या गळतीपुढे अण्णा शंभर दंडांचा बांध घालून उभे होते. आमची अडचण अशी की आमच्याकडे राखण्याजोगे काही नव्हते. आधी कमावणे भाग होते.

बडोद्याच्या मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत सिद्ध केला, ही घटना आम्ही वाङ्मयाच्या इतिहासातली एक नोंद म्हणून जाणत होतो. दंड-बैठकांचे प्रकार, मुद्गल, नाल, मल्लखांब या साऱ्यांचे वर्णन करावे असे एका माणसाला वाटले आणि त्यासाठी त्याने आयुष्य वेचले. त्या परंपरेतही भार वाढवण्याची दृष्टी होतीच. पैलवान हलक्या जोडीवरून जड जोडीवर जात असे, नाल उचलणारा मोठ्या नालाकडे पाहत असे. पण आमच्यासारख्या घरांत पोचेपर्यंत त्यातली चढण गळून पडली आणि नेम तेवढा उरला. परंपरेचे बहुधा असेच होते. संख्या टिकते, तिच्यामागचा हेतू विसरला जातो.

आहाराचे लांबण लावत नाही. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, असा २०१८ मध्ये अनेक प्रयोगांच्या एकत्र परीक्षणातून निघालेला निष्कर्ष आहे. आमच्या वजनाला ती ११८ ग्रॅम होतात. भाताच्या ढिगावर आमटीचे तळे, या आमच्या परंपरागत ताटात त्याच्या निम्मीही भरत नव्हती. बांगडा, अंडी, कुळथाचे पिठले आणि दही यांनी ती तूट भरून काढली. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कुळीथ आणि अंडी यांच्यावर भार अधिक पडला, इतकेच.

पहिल्या दोन महिन्यांत वहीतले आकडे भराभर चढले आणि आरशात काहीच दिसले नाही. यातही नवल नाही. आरंभीची ताकद मुख्यतः मज्जासंस्था शिकते त्याची असते, स्नायू मागाहून येतो. चौथ्या महिन्यात सदऱ्याचे खांदे आवळू लागले. सहाव्या महिन्यात एका शनिवारी उचलीच्या दांडीवर ५० किलो होते: ८, ८, ७. आईचे वजन ओलांडले गेले. आम्हांला आनंद व्हायला हवा होता. झाला तो अर्धवट. दांडीला धरायला जागा असते, दांडीला भीती वाटत नाही, आणि दांडी ओल्या फरशीवर पडलेली नसते. शिवाय एक प्रश्न इतके दिवस आमच्या ध्यानातच आला नव्हता. तिला उचलता यावे म्हणून आम्ही बळकट होत होतो. तिला उठता यावे यासाठी कोण काय करत होते?

१९९० साली बोस्टनमध्ये झालेला एक अभ्यास आम्ही त्या सुमारास वाचला. वृद्धाश्रमातली नव्वदीच्या आसपासची दहा माणसे. त्यांना आठवड्यातून तीन दिवस, आठ-आठ आवर्तनांच्या तीन फेऱ्या, आणि भार हळूहळू वाढवत कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्के वाढली, मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी. नव्वदीतही मोठ्या तंतूंना हाक मारली तर ते येतात. बहुधा त्यांना हाक मारायचे आपणच सोडून दिलेले असते. "बस, तू उठू नकोस, मी आणतो," हे प्रेमाचे वाक्य दिवसातून वीसदा उच्चारून.

डॉक्टरांना विचारून आम्ही आईसाठी ओटीवरची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवली आणि तिच्यावर दोन उशा ठेवल्या. हात छातीशी, उठायचे आणि सावकाश बसायचे. पहिल्या दिवशी पाच झाल्या, एकच फेरी. तीन आठवड्यांनी पाच-पाचच्या तीन. मग एक उशी काढली. खुर्ची खोल झाली, म्हणजे भार वाढला. आवर्तने चारवर आली आणि पुन्हा आठवर गेली. मग दुसरी उशी. आता तिच्या हातात किलोभर तांदळाची पिशवी असते. वय ऐंशी. डीलॉर्मचे सूत्र तिने ऐकलेले नाही आणि ऐकायची तिला गरजही नाही. मात्र वहीवर तिचा कटाक्ष आहे. मागल्या पानांपासून तिचा हिशेब सुरू होतो, पुढल्या पानांपासून आमचा.

परवा आम्ही बाहेर निघण्याच्या घाईत होतो. आत माजघरात स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि काळजात चर्र झाले. धावत गेलो तर ती जमिनीवर बसलेली. एक हात स्टुलावर, एक पाय पुढे. "लांब राहा," ती म्हणाली. एक गुडघा टेकला, दुसरा पाय रोवला, थांबली, श्वास घेतला आणि उभी राहिली. मग पदर सारखा करत म्हणाली, "लिही. खालून वर, एक."